बोलांक अकरा

कानोसा नावाच्या यंत्राने ऋतुजा हावळला मुकी ठरवलं, तेव्हा ती समोरच्या घरातल्या पद्माशी कडाकडा भांडत होती. भांडण नळाच्या पाळीवरून होतं. दोघींच्या मधे सहा फुटांची गल्ली आणि दोन्ही बाजूंना मिळून चौदा यंत्रमाग. दोघींच्या तोंडातून आवाज म्हणून बाहेर पडत नव्हता, पण ओठ असे चालले होते आणि भुवया अशा चढल्या होत्या की मधे पडायची कुणाची हिंमत झाली नसती. तेवढ्यात मोबाइल थरथरला. ऋतुजाने पद्माला ‘थांब, संपलं न्हाई अजून’ अशी खूण केली आणि निरोप उघडला.

‘मैथिली अमर हावळ, वय साडेपाच. घराचा बोलांक : अकरा. दोन प्रौढ स्त्रिया मूक असण्याची शक्यता. प्रौढ पुरुष : बहुतांश वेळ निद्रिस्त.’

ऋतुजा आधी हसली. नवऱ्याबद्दल यंत्राने लिहिलेलं तंतोतंत खरं होतं. अमर सुताला खळ चढवणाऱ्या सायझिंग मिलमधली रात्रपाळी करून यायचा आणि दिवसभर घोरायचा. पण तिला मुकी म्हणणं म्हणजे कमालच होती. तिच्याइतकी तोंडाळ बाई अख्ख्या गल्लीत नाही, हे पद्माने शपथेवर सांगितलं असतं. मग तिला ‘उत्कर्ष’ शाळेची अट आठवली, बोलांक किमान साठ, आणि ती माग तसाच चालू ठेवून उंबऱ्यावर बसली.

हे बोलांक प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारने शाळांना अनुदान देणं थांबवलं होतं आणि प्रत्येक मुलाच्या नावाने शिक्षणपत्र काढलं होतं. पत्र घ्या, हवी ती शाळा निवडा. चांगली शाळा चालेल, वाईट शाळा बंद पडेल. निवड तुमची! कागदावर यात खोट काढायला जागाच नव्हती. मात्र शाळेला त्या पत्राचा मोबदला मिळायचा तो मूल तीन वर्षांत किती पुढे गेलं हे तपासून. मग शाळांनी कुणाही शहाण्या दुकानदाराने केलं असतं तेच केलं. जे मूल भरभर पुढे जाणार, तेवढंच आत घ्यायचं असं त्यांनी ठरवलं.

पण ते ओळखायचं कसं? त्याच सुमाराला एक शोध पक्का झाला, आणि शोध खरोखर मोठा होता. लहान मुलाच्या मेंदूतले भाषेचे मार्ग घट्ट होतात ते त्याच्या कानावर किती शब्द पडले यावर नव्हे, तर त्याच्याशी किती देवाणघेवाण झाली यावर. मूल काही म्हणालं, मोठ्या माणसाने पाच सेकंदांच्या आत उत्तर दिलं, त्यावर मूल पुन्हा काही म्हणालं, की झाली एक संवादफेरी. ज्या घरात दिवसाकाठी अशा भरपूर फेऱ्या होतात तिथलं मूल पुढे गणितातसुद्धा अडत नाही. शोध लावणाऱ्यांचा हेतू सरळ होता. अबोल घरं शोधावीत आणि त्यांना मदत करावी, एवढाच. कानोसा त्यासाठीच जन्माला आला. वाटीएवढी पांढरी डबी, एकवीस दिवस भिंतीवर लावायची. ती शब्द साठवायची नाही, टीव्ही वगळायची, मागाची खटखट गाळून टाकायची आणि माणसांच्या आवाजातल्या फेऱ्या तेवढ्या मोजायची. शेवटी शंभरपैकी एक आकडा द्यायची.

मदत राहिली बाजूला. दोन वर्षांत प्रत्येक शाळेच्या फाटकावर बोलांकाची अट लागली. तासावर घरी येऊन मुलाशी गप्पा मारणाऱ्या ‘बोलक्या बाई’चा नवा धंदा उभा राहिला. तिसाच्या खालच्या मुलांसाठी उरली घरबसल्या शाळा, म्हणजे पाटीएवढा पडदा आणि त्यातून बोलणारी बाहुली. आणि उरली गल्लीच्या टोकाची महापालिकेची शाळा क्रमांक सत्तावन्न. तिला बोलांकाची अट नव्हती, पण तिलाही बाजाराचा नियम होताच. यंदा चाळीस नवी मुलं आली नाहीत तर टाळं. तिथल्या मुख्याध्यापिका शमीम मुल्ला चपला झिजवून दारोदार फिरल्या होत्या आणि त्यांच्या यादीत सतरा नावं होती. बाकीच्या आया बोलांक वाढेल म्हणून दुसऱ्या चाचणीची वाट बघत थांबल्या होत्या.

ऋतुजाला मैथिलीला उत्कर्षमध्येच घालायचं होतं. पोरगी मागाच्या खोलीत अडकू नये, एवढं एकच तिच्या मनात पक्कं होतं.

डबी काढून न्यायला कंपनीची केतकी आली. चोवीस-पंचवीसची, पुण्याची, मनाने चांगली मुलगी. आत पाऊल टाकताच तिने दोन्ही हातांनी कान झाकले. ऋतुजाच्या सासूबाई, मंगलआत्या, कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत होत्या. तीस वर्षं मागावर उभं राहून त्यांचे कान कधीच गेले होते. आत्यांनी पाहुणीकडे बघून नुसते ओठ हलवले आणि साडेपाच वर्षांची मैथिली धावत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

ऋतुजाने माग बंद केले. केतकीने पडद्यावर आलेख दाखवला.

“ताई, हे बघा. रोज संध्याकाळी पाच ते सहा तुमच्याकडे माग बंद असायचे.”

“मुद्दाम बंद ठेवत हुतो. त्या डबीला ऐकू यावं म्हणून. मालकानं तेवढी मजुरी कापली.”

“पण त्या तासात एकही फेरी नाही. एकवीस दिवसांत शून्य. काय करत होतात तुम्ही?”

“बोलत हुतो की!”

“मुलीशी?”

“मग काय भिताडाशी?” ऋतुजा फणकारली. “शाळेत जाऊन काय करायचं, आजीला कुठं न्यायचं, समदं बोलत हुतो. विचार तिला.” आणि तिने मैथिलीकडे वळून विचारलं, काय गं, बोलत होतो का नाही? मैथिलीने मान डोलावून भलंमोठं उत्तर दिलं, त्यात ऋतुजाने दोन दुरुस्त्या केल्या, मैथिलीने त्यातली एक अमान्य केली.

केतकी दोघींकडे बघत राहिली. खोलीत आवाजच झाला नव्हता.

तेव्हा कुठे ऋतुजाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या गल्लीत मागाशेजारी जन्मलेलं पोर आधी ओठ वाचतं, मग बोलतं. तार तुटली, कांडी संपली, भूक लागली, पद्माचा नवरा पिऊन आला, सगळं ओठांवर आणि बोटांवर. माग बंद करून शांतता केली तरी घरच्या माणसाशी बोलताना आवाज काढायचा असतो, हे कुणाला सुचलंच नव्हतं. त्या तासासाठी तिने मजुरी घालवली होती आणि त्या तासात मायलेकी मनसोक्त, निःशब्द गप्पा मारत बसल्या होत्या.

“आणि आवाजात बोललात तेव्हा इतक्या मोठ्याने, की यंत्राने ते भांडण म्हणून धरलं,” केतकी हळू आवाजात म्हणाली. “ताई, माझ्या हातात काही नाही. मी दुसरी चाचणी लिहून देते. मात्र शांत जागा हवी. आणि…” तिने आत्यांकडे बघितलं. “ज्यांना ऐकू येत नाही त्या घरात नकोत. त्यांच्यामुळे आकडा पडतो.”

ऋतुजाची थोरली बहीण जयसिंगपूरला राहायची. तिच्या माडीवरच्या खोलीत डबी लागली आणि ऋतुजा लेकीला घेऊन एकवीस दिवस तिथे जाऊन बसली. काम बुडालं ते बुडालं. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून तिला लाज वाटली. “हे काय आहे, मैथिली?” “हे सफरचंद आहे.” “सफरचंदाचा रंग कोणता?” “लाल.” पोरीला सफरचंद काय ते चांगलं ठाऊक होतं, आईला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं, आणि दोघी जणू कुणा तिसऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलत होत्या. पण फेऱ्या पडत होत्या. डबीवरचा हिरवा ठिपका प्रत्येक फेरीला लुकलुकायचा.

आठव्या दिवशी मैथिलीने विचारलं, “आई, ह्यानं मोजलं काय?”

ऋतुजाने बघितलं, तर पोरगी तिच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती ठिपक्याकडे बघून बोलत होती. जन्मल्यापासून जी पोर बोलताना आईच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नसे, ती आता भिंतीशी बोलत होती, आणि भिंत खूश झाली की हसत होती.

बाराव्या दिवशी मंगलआत्यांचा व्हिडिओ फोन आला. मैथिलीने मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि आजीशी ओठांनी सुरू झाली. मांजरीची पिल्लं, मावशीची गच्ची, तुटलेला दात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ठिपका विझलेला होता. ऋतुजाला वाटलं, फेऱ्या वाया चालल्या. तिने लेकीच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला आणि बंद केला. बंद होताना पडद्यावर आत्यांचे ओठ वाक्याच्या मधेच होते. मैथिली रडली नाही. ती भिंतीकडे वळली आणि मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली, “हे सफरचंद आहे.”

त्या क्षणी ऋतुजाला स्वतःची किळस आली. तरी तिने उरलेले नऊ दिवस पुरे केले. चांगल्या शाळेसाठी माणसं याहून वाईट काय काय करतात, असं ती मनाला समजावत राहिली.

बोलांक आला चौसष्ट. उत्कर्षने जागा देऊ केली. सोबत एक अर्ज होता : ‘घरातील मूक वा बधिर प्रौढ व्यक्ती मुलीच्या संगोपनात सहभागी नाही व पुढील तीन वर्षे राहणार नाही.’ खाली आईची सही आणि त्या व्यक्तीची सही.

मंगलआत्या सातवी शिकलेल्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही करून टाकली. ‘मी धाकट्याकडं जातो की चंदूरला,’ त्यांच्या ओठांनी सांगितलं. ‘पोरीचं भलं हुतंय न्हवं?’

अमर त्या दिवशी जागा होता. “तू बी कर सही आणि मोकळी हो,” तो म्हणाला. “माझा जन्म सायझिंगच्या वाफेत गेला. तिचा जायला नको.” त्यातही खोटं काही नव्हतं. ऋतुजाने अर्ज घडी करून ब्लाउजात ठेवला. सही केली नाही.

रविवारी दुपारी निवड मेळावा होता. क्रीडासंकुलाच्या हॉलमध्ये शाळांचे मंडप, फुगे, पडदे, प्रत्येक पडद्यावर हसरी मुलं. मधोमध व्यासपीठ. तिथे कंपनीने कानोसाचं मोठं रूप लावलं होतं : माइकवर कुणी मुलाशी बोललं की मागच्या भिंतीवर फेऱ्यांचा आकडा उठायचा. मुल्ला बाई दाराजवळच्या कोपऱ्यात एका टेबलाशी बसल्या होत्या. फुगा नव्हता, पडदा नव्हता, पुढ्यात अर्जांचा गठ्ठा होता. गल्लीतल्या बायका मागच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. कुणाचा बोलांक नऊ, कुणाचा चौदा. सगळ्यांना दुसऱ्या चाचणीचा फॉर्म तिथेच मिळणार होता.

ऋतुजाला बोलावलं होतं ते व्यासपीठावर. “अकरावरून चौसष्ट!” निवेदक ओरडला. “एका आईची जिद्द! या ताई, आपल्या भगिनींना सांगा, हे कसं जमवलंत.” तिच्या हातात माइक दिला. मैथिली शेजारी उभी होती आणि भिंतीवरच्या आकड्याकडे टक लावून बघत होती.

ऋतुजाने लेकीची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. मग मागच्या खुर्च्यांकडे बघितलं, ओठ झाकू नयेत असा माइक हनुवटीखाली धरला आणि बोलायला लागली.

हॉलमध्ये काहीच ऐकू आलं नाही. निवेदकाने माइकवर टिचकी मारली. दोघेजण वायरी तपासायला धावले. मागच्या रांगांत मात्र एकदम चुळबुळ थांबली, कारण तिथे प्रत्येक शब्द पोचत होता.

‘पद्मा, सुरेखा, समद्या ऐका,’ ऋतुजाचे ओठ सांगत होते. ‘ह्यांनी मला हितं उभं केलंय, तुमास्नी दाखवायला. असं केलं की जागा मिळती. मिळती, खोटं न्हाई. एकवीस दिवस मी पोरीशी डबीसाठी बोललो. ती माझ्या तोंडाकडं बघायची बंद झाली. आत्याबाईंचा फोन मी तिच्या हातनं हिसकावला, फेऱ्या वाया जातात म्हणून. आणि हे आता वर मागालेत.’ तिने ब्लाउजातला अर्ज काढून उलगडून धरला. ‘आत्याबाईंनी पोरीला सांभाळायचं न्हाई, असं लिहून मागालेत.’

मागच्या रांगेत मंगलआत्या उठून उभ्या राहिल्या. ‘सही मी केलीया! तू मागं सरू नकोस!’

‘तुमची सही मी मानत न्हाई.’

‘मोठी आलीस न मानणारी! पोरीचं वाटोळं करशील!’

‘तिच्याशी दिवसभर बोलतंय कोण? तुमी. तिला शंभरापर्यंत अंक शिकवलं कुणी? तुमी. आणि तुमी मुक्या?’

भिंतीवर आकडा झळकत होता : संवादफेऱ्या शून्य. चाळीस फुटांवरून सासूसुना हातवारे करत कडाकडा भांडत होत्या, मधेच मैथिलीने उडी घेतली आणि आजीला विचारलं, चंदूरला तू गेलीस तर मांजरीच्या पिल्लांचं काय, आणि सगळ्या बायका एकदम हसल्या. निवेदकाला वाटलं, आपल्यालाच हसतायत. तो घाम पुसत म्हणाला, “तांत्रिक अडचण आहे, दोन मिनिटं!”

‘मग पोरगी घालणार कुठं?’ पद्माने विचारलं.

‘सत्तावन्नात.’

‘ती बंद पडालीया.’

‘आपण वाट बघत बसलोय म्हणून पडालीया. एकेकीनं वेगळी वाट बघायची, वेगळं पळायचं, आणि ह्यांनी एकेकीला गाठून पाडायचं. चाळीस झाली तर कोण बंद करतंय बघतो मी.’

केतकी व्यासपीठाच्या पायऱ्या चढून आली. कंपनीच्या माणसांत तिला एकटीलाच काय चाललंय ते कळलं होतं. “ताई,” ती कुजबुजली, “पुढच्या वर्षी आम्ही कॅमेरा जोडतोय. ओठांचंही मोजता येईल. तुमच्या गल्लीचे आकडे नव्वदीत जातील. एक वर्ष थांबा फक्त.”

ऋतुजाने तिच्याकडे मायेने बघितलं. पोर खरंच मदत करू बघत होती. मग तिने माइक वर घेतला, आणि आता पहिल्यांदा तिचा आवाज उठला. मागावरचा आवाज तो. हॉलमधले फुगेसुद्धा थरथरले असतील.

“आमच्या तोंडाकडं बघायचं असंल तर माणूस पाठवा. बसू दे हितं आमच्यात, शिकू दे. डबी आता घरात नको, डोळ्याची नको आणि कानाची नको.” तिने निवेदकाकडे वळून विचारलं, “निवड माझी म्हणालात न्हवं?”

“अर्थात! निवड तुमचीच!”

“मग ही माझी निवड.” तिने अर्जाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही त्याच्या हातात दिले.

उत्कर्षच्या पडद्यावर मैथिलीची जागा मोकळी झाली आणि दुसऱ्याच क्षणी भरली. ऋतुजाने ते बघितलं. चुकलं तर? डबीच खरी निघाली तर? लेकीने मोठी झाल्यावर याचा जाब विचारला तर? तरीही ती पायऱ्या उतरत होती. मैथिलीचा हात तिने घट्ट धरला होता.

मुल्ला बाई उभ्या राहिल्या. “बाई गं, विचार केलायस ना? मागाहून मला बोल लावशील.”

“लावीन की. रोज येऊन भांडीन. शिकवलं न्हाईसा तर सोडणार न्हाई.”

“ये. मला ते तुमचं ओठांचं शिकावंच लागेल मग, नाहीतर पोरं माझ्यासमोर मलाच नावं ठेवतील.” बाईंनी पेन पुढे केलं. ऋतुजाने सही केली. ती वळली तर मागे पद्मा उभी होती, तिच्यामागे सुरेखा, आणि त्यांच्यामागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. मंगलआत्या रांगेच्या बाजूने फिरून एकेकीला रांगेत नीट उभं करत होत्या आणि सूनबाईकडे रागाने बघत होत्या.

मुल्ला बाईंनी छापील अर्ज पंचवीसच आणले होते. तेवढेसुद्धा उरतील अशीच त्यांची समजूत होती. सव्विसाव्या बाईला त्या “जरा थांब” म्हणाल्या. त्यांनी आपल्या वहीतलं कोरं पान फाडलं, त्यावर ‘विद्यार्थ्याचं नाव’ असं हाताने लिहिलं आणि तिच्यापुढे सरकवलं. मग लगेच दुसरं पान फाडायला घेतलं.